माशांच्या पेटीचा दिवा : खर्च थोडा, विचार अधिक

काचेच्या पेटीतले रंगीत मासे ही एके काळी डॉक्टरांच्या दवाखान्यात नाहीतर सराफाच्या पेढीवर पाहायची वस्तू होती. आता तसे राहिले नाही. बुलडाणा, चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर अशा गावांतून आपल्या समाजबांधवांच्या बैठकीच्या खोलीतही तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी अशी पेटी दिसू लागली आहे. नोकरी लागली, पक्के घर झाले, मुलांनी हट्ट धरला आणि पेटी आली. यात वावगे काहीच नाही. ज्यांच्या आजोबांना पाणवठ्याला हात लावण्याची मनाई होती, त्यांच्या नातवंडांनी घरात दोन घनफूट पाणी हौसेने सांभाळावे, यात आम्हाला आनंदच आहे.

अडचण येते ती वर्ष-दोन वर्षांनी, पेटीवरचा दिवा गेला म्हणजे. दुकानदार म्हणतो, ‘हा जुना माल आता येत नाही, अख्खे झाकणच बदला.’ त्याचा खर्च ऐकून घरधनी गप्प बसतो. पेटी अंधारात राहते, पाणी बदलायचे राहून जाते आणि एके दिवशी मासे मरतात. म्हणून हा दिवा स्वस्तात, पण विचारपूर्वक कसा बदलावा, हे आम्ही येथे मांडत आहोत. आम्ही पडलो कारकुनी पेशातले, त्यामुळे सोबत जमाखर्चही आलाच.

आधी दोष शोधा, मग बाजार गाठा

दिवा लागत नाही म्हणजे नळीच गेली असे नव्हे. जुन्या पेटीत बहुधा दोन फुटांची, १८ किंवा २० वॅटची ट्यूब असते. तिच्याबरोबर चोक आणि स्टार्टर असतात. ट्यूब नुसतीच लुकलुकत असेल तर पुष्कळदा स्टार्टर गेलेला असतो आणि तो थोडक्या पैशांत मिळतो. पाण्याच्या वाफेने होल्डरची पितळी टोके हिरवी पडतात, तीही पाहावीत. ट्यूब दुसऱ्या चालू पट्टीत लावून पाहिली की खरा दोषी कोण ते कळते. ही तपासणी प्लग काढून, कोरड्या हातानेच करावी.

दुसरी गोष्ट काचेची. आपला जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दुभंगलेला आहे. घाटाखाली शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूचा बराच भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या पाण्याचे शिंतोडे पेटीवरच्या झाकणकाचेवर वाळले की पांढरा थर जमतो. दिवा शाबूत असूनही पेटी काळवंडलेली दिसते, ती या थरामुळे. लिंबाची फोड किंवा पांढरा व्हिनेगर चोळून काच पुसावी, स्वच्छ पाण्याने धुवावी आणि मग ठरवावे की नवा दिवा खरोखर हवा की नको. साबण मात्र वापरू नये. त्याचा अंशही माशांना बाधतो.

दिवा कोणासाठी?

माशांना विजेच्या दिव्याची गरज नसते. त्यांना हवा असतो दिवस आणि रात्र. माशांना आपल्यासारख्या पापण्या नसतात, डोळे मिटून उजेड टाळणे त्यांना जमत नाही. रात्री बारापर्यंत दूरदर्शन संच चालू आणि पेटीचा दिवाही चालू, हा त्या मुक्या जिवांचा छळच आहे. दिवा लागतो तो दोघांना : पाहणाऱ्याच्या डोळ्यांना आणि पाण्यातल्या वनस्पतींना.

हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया या वनस्पती मुलांनी शाळेच्या पुस्तकात पाहिलेल्या असतात. हायड्रिलाच्या फांदीवर नरसाळे पालथे घालून, वर पाण्याने भरलेली परीक्षानळी ठेवून, उजेडात प्राणवायूचे बुडबुडे दाखवण्याचा प्रयोग आपण सर्वांनीच वाचला आहे. वाचला, पण किती जणांनी डोळ्यांनी पाहिला? घरी पेटी असेल तर तो प्रयोग एका रविवारी होऊ शकतो. दिवा लावला की बुडबुडे, विझवला की ते हळूहळू थांबतात. प्रयोगशाळेचे कुलूप क्वचितच उघडणाऱ्या शाळेतल्या मुलाला ही पेटी खूप काही शिकवील.

उजेड जास्त तेवढे चांगले, हा मात्र गैरसमज आहे. उजेड आणि माशांची विष्ठा, उरलेले खाद्य यांतले पोषक क्षार एकत्र आले की शेवाळ माजते. आपल्या जिल्ह्यातले लोणार सरोवर याची साक्ष देते. त्याच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याला हिरवा रंग येतो तो सूक्ष्म शैवालामुळे. जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झाले, तेव्हा गावोगाव नाना तर्क निघाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे सांगितले. चमत्कार नव्हता, कारण होते.

काळ्या माशाची भाकडकथा

कारणावरून आठवले. पेटी विकताना काही जण सांगतात की मासे नऊ असावेत, त्यांत एक काळा असावा; तो मेला तर घरावरचे संकट त्याने आपल्या अंगावर घेतले असे समजावे. पेटी अमुक दिशेलाच ठेवावी म्हणजे पैसा येतो, हेही ओघाने आलेच. धम्मदीक्षा घेतलेल्या घरात अशा गोष्टी शिराव्यात हे खेदाचे आहे. तथागतांनी कार्यकारणभाव शिकवला. मासा मरतो तो पाणी दूषित झाल्याने, पाणी तापल्याने, प्राणवायू घटल्याने किंवा खाद्य कुजल्याने. त्याच्या मरणाला संकटनिवारण म्हटले की कारण शोधण्याची जबाबदारी संपते आणि पुढचा मासाही तसाच मरतो. पंचशीलातले पहिले शील जीवहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. जीव घरी आणला की त्याची काळजी त्या शीलातच आली. पेटीची जागा ठरवताना पाहायचे ते एवढेच की थेट ऊन येऊ नये, खालचे टेबल वजन पेलणारे असावे आणि विजेचा बोर्ड अगदी पाण्याला लागून नसावा.

कोणता दिवा घ्यावा?

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटी धरली तर तिच्यात काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते. एवढ्या पेटीला, साध्या वनस्पतींसह, १० वॅटचा पांढरा एलईडी पुरतो. त्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला, दोन फुटी एलईडी बॅटन. ही साध्या विजेच्या दुकानात मिळते. साधारण दीडशे ते अडीचशे रुपयांत काम होते. ‘माशांच्या पेटीचा खास दिवा’ म्हणून मिळणाऱ्या वस्तूपेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडते. मात्र ती पाण्यासाठी बनवलेली नसते, म्हणून झाकणकाचेच्या वर, शिंतोडे उडणार नाहीत अशीच पक्की बसवावी. उघड्या पाण्यावर ती टांगू नये.

दुसरा, जुन्याच पट्टीत बसणारी एलईडी नळी. येथे सावध राहावे. काही नळ्यांना चोक आणि स्टार्टर काढून जोडणी बदलावी लागते. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे.

तिसरा, १२ व्होल्टची जलरोधक एलईडी पट्टी. अॅडॉप्टर पेटीपासून दूर, कोरड्या जागी ठेवला की पाण्याजवळ १२ व्होल्टच येतात. लहान मुलांच्या घरात आम्हाला हा मार्ग अधिक बरा वाटतो. अॅडॉप्टर मात्र बिनानावाचा घेऊ नये. पट्टीवर आयपी ६५ असेल तर ती शिंतोडे सोसते, आयपी ६७ असेल तर थोडा वेळ पाण्यात पडली तरी टिकते.

झाकणात होल्डर असेल तर ७ किंवा ९ वॅटचा एलईडी बल्बही चालतो. पण झाकण सर्व बाजूंनी बंद असेल तर आतल्या उष्णतेने बल्ब लवकर जातो, म्हणून हवेला भोके असावीत.

खोक्यावर काय वाचावे? वॅट म्हणजे वीज किती खाणार, ल्युमेन म्हणजे उजेड किती देणार. वॅटमागे १०० च्या आसपास ल्युमेन असतील तर माल ठीक. केल्विन म्हणजे उजेडाचा रंग. ६५०० केल्विनचा, म्हणजे दिवसासारखा पांढरा, घ्यावा. निळ्या-जांभळ्या रंगांच्या झगमगाटाला भुलू नये. बल्बवर भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचा, ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक आहे का ते पाहावे. आणि पक्के बिल मागावे. बिल मागताना आपल्या माणसाला अजूनही संकोच वाटतो. पैसे आपण मोजतो, मग कागद मागण्यात लाज कसली?

आता जमाखर्च

२० वॅटची ट्यूब जुन्या तांब्याच्या चोकसह सुमारे ३० वॅट वीज घेते. रोज ८ तास म्हटले तर महिन्याला ७.२ युनिट. १० वॅटचा एलईडी तेवढ्याच वेळात २.४ युनिट घेतो. बचत ४.८ युनिट. युनिटचा दर उदाहरणादाखल ८ रुपये धरला तर महिन्याला ३८ रुपये ४० पैसे, वर्षाला सुमारे ४६० रुपये. आपल्या बिलावर जो दर असेल त्याने हा गुणाकार करून पाहावा. दिव्याची किंमत वर्षाच्या आत वसूल होते.

दुसरी बचत उष्णतेची. मे महिन्यात घाटाखाली पारा ४० अंशांच्या वर जातो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि जुनी ट्यूब, चोक त्या पाण्याला आणखी ऊब देतात. एलईडीची उष्णता कमी. वीज गेली तर दिवा नसल्याने माशांचे काही बिघडत नाही, हवेचा पंप बंद पडल्याने बिघडते. तेव्हा इन्व्हर्टरवर जोडायचा तो पंप.

हा दिवा स्वस्त झाला कसा, तेही मुलांना सांगावे. पांढऱ्या एलईडीसाठी आधी निळा प्रकाश देणारा एलईडी हवा होता. जपानमधील तोकुशिमा या प्रांतातल्या, राजधानीपासून दूरच्या एका कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ साली तेजस्वी निळा एलईडी सिद्ध केला. तेव्हा त्यांच्याजवळ डॉक्टरेटसुद्धा नव्हती; शिक्षण तिथल्याच विद्यापीठातले. २०१४ साली इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि नाकामुरा यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. आपल्याकडे जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली. सरकारी खरेदीत २०१४ साली सुमारे ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. एकत्रित खरेदीची ताकद ती हीच.

आणि वीज स्वस्त, मुबलक असल्याशिवाय देशाचे दारिद्र्य हटणार नाही, हा विचार १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी मांडला होता. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच खात्याखाली. विजेचे प्रत्येक युनिट जपून वापरणे हेही त्या विचाराला धरूनच आहे.

जिवाची काळजी

पाणी आणि वीज शेजारी आले की गाफीलपणाला जागा नाही. पेटीत हात घालण्यापूर्वी सर्व प्लग काढावेत. तीन पिनांचा, अर्थिंग असलेलाच प्लग वापरावा. घरात ३० मिलिअँपिअरचे गळती-रोधक ब्रेकर बसवून घ्यावे. झटका बसल्यास ते क्षणात वीज तोडते. वायर बोर्डाकडे नेताना बोर्डाच्या खाली तिला झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोळातून खाली पडेल, बोर्डात जाणार नाही. दिवा सकाळी किंवा संध्याकाळी धरून ६ ते ८ तासच लावावा. ही वेळ पाळण्याचे काम मुलांकडे सोपवावे.

जुन्या ट्यूबचे काय?

ट्यूबच्या आत पारा असतो. अल्प असला तरी तो विषारीच. आपण ती रात्रीच्या वेळी उकिरड्यावर फेकतो. सकाळी तिच्या काचा कोणाच्या हातात घुसतात? ती पाऱ्याची वाफ कोणाच्या छातीत जाते? नगरपालिकेची झाडूवाली आणि कचरा वेचणारी भगिनी कोणत्या वस्त्यांतून येते, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको. आपण सावरलो म्हणून आपल्याच भावंडांच्या वाटेत काच टाकायची काय? १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत अशा नळ्याही येतात. ट्यूब न फोडता, जुन्या खोक्यात किंवा जाड कागदात गुंडाळून वेगळी ठेवावी, वर ‘काच-पारा’ असे ठळक लिहावे आणि नगरपालिकेकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. घरात फुटलीच तर खिडक्या उघडाव्यात, झाडूने उडवू नये, जाड पुठ्ठ्याने गोळा करावी.

शेवटी एक सूचना. जे गणित माशांच्या पेटीचे, तेच विहारातल्या अभ्यासिकेचे. जुन्या चोकच्या १० ट्यूब रोज ६ तास जळत असतील आणि प्रत्येक ट्यूबमागे ३० वॅट वाचले, तर महिन्याला ५४ युनिट वाचतात. ८ रुपये दराने ते ४३२ रुपये होतात. एवढ्या पैशांत स्पर्धा परीक्षेचे एखादे पुस्तक दरमहा अभ्यासिकेत येऊ शकते. आपल्या घरच्या पेटीवर जो हिशेब शिकलो, तो येत्या बैठकीत विहार समितीपुढे ठेवावा, एवढीच सर्व उपासक-उपासिकांना विनंती.

जयभीम!