वेदनेचा रेणू, प्रेमाचा रेणू

मेंदूतल्या रेणूंना एकेक स्वभाव चिकटवून टाकण्याची हौस विज्ञानाच्या बातम्यांना फार. ऑक्सिटोसिन प्रेमाचे, सबस्टन्स पी वेदनेचे, ओरेक्सिन भुकेचे. ही हौस बातम्यांपुरती राहिली असती तर हसून सोडून देता आली असती. पण तिच्या मागची समजूत प्रयोगशाळांतही मुरलेली होती आणि तिच्या भरवशावर औषध कंपन्यांनी वर्षानुवर्षे पैसा ओतला. न्यूरोपेप्टाइड म्हणजे चेतापेशींनी घडवलेल्या अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या. शंभराहून अधिक ज्ञात आहेत. त्यांच्यावर बेतलेल्या औषधांचे यशापयश शेजारी शेजारी ठेवले की माझ्या मते एकच निष्कर्ष निघतो: पेप्टाइडला स्वतःचे असे काम नसते. कोणता रिसेप्टर त्याला धरतो आणि तो रिसेप्टर शरीरात नेमका कुठे बसला आहे, यावर ते ठरते.

याचे कारण या रेणूंच्या वागण्यातच आहे. ग्लुटामेटसारखा साधा चेतासंदेशक दोन पेशींमधल्या फटीत सुटतो, काही मिलिसेकंदांत काम उरकतो आणि पुन्हा शोषला जातो. पेप्टाइड आधी मोठ्या प्रथिनाच्या पोटात तयार होते, मग कापून वेगळे केले जाते आणि पेशी सलग, जोरात चेतवली गेली तरच बहुधा बाहेर पडते. ते परत घेण्याची सोय नाही. विकरे त्याचे तुकडे करीपर्यंत ते आसपास पसरत राहते आणि परिणाम सेकंद-मिनिटे टिकतो. गावात दवंडी पिटल्यासारखाच हा प्रकार: ऐकू सगळ्यांना जाते, पण ज्याचा सातबारा त्यात अडकला आहे तोच चावडीकडे धावतो.

सबस्टन्स पीचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. १९३१ साली लंडनमध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांना घोड्याच्या मेंदूच्या आणि आतड्याच्या अर्कात ते सापडले. अकरा अमिनो आम्लांची त्याची रचना सुसान लीमन यांच्या गटाने उलगडली तेव्हा १९७१ उजाडले होते. वेदना वाहून नेणाऱ्या चेतातंतूंत ते दिसले, प्राण्यांत त्याचा एनके-१ रिसेप्टर अडवला की वेदनेचे वर्तन कमी झाले. पुरावा भक्कम वाटत होता. तरीही माणसांत तो रिसेप्टर अडवणारे लॅनेपिटंट हे औषध संधिवातात, मधुमेहातील चेतावेदनेत आणि अर्धशिशीत, तिन्ही ठिकाणी निष्प्रभ ठरले. त्याच रिसेप्टरला अडवणाऱ्या अप्रेपिटंटला मात्र २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती केमोथेरपीनंतरच्या उलट्यांसाठी. उलटीचे नियंत्रण करणाऱ्या ब्रेनस्टेममधल्या जागी एनके-१ भरपूर आहे आणि तिथे त्याला चटकन पर्याय नाही. वेदनेच्या वाटेवर तेच काम करणारे दुसरे अनेक संदेशक हजर असतात.

सबस्टन्स पीचे भावंड न्यूरोकायनिन बी. त्याच्या एनके-३ रिसेप्टरला अडवणारी औषधे आधी स्किझोफ्रेनियासाठी तपासली गेली आणि बाजूला पडली. दरम्यान अमेरिकेत नेओमी रान्स यांनी रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांच्या हायपोथॅलॅमसमध्ये हे पेप्टाइड बनवणाऱ्या पेशी फुगलेल्या असल्याचे दाखवले होते. २००९ मध्ये तुर्कस्तानातील काही कुटुंबांत याच पेप्टाइडच्या किंवा त्याच्या रिसेप्टरच्या जनुकात बिघाड सापडला. त्या घरांतल्या बाधित मुलामुलींना तारुण्यच येत नव्हते. म्हणजे पाळी सुरू होण्यामागे आणि ती थांबल्यावर अंगातून उसळणाऱ्या गरम वाफांमागे एकाच भागातल्या पेशी. इस्ट्रोजेनचा लगाम सुटला की त्या शेजारच्या तापमान-केंद्राला छेडतात. २०१७ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील वल्जित धिल्लो यांच्या गटाने बाजूला पडलेल्या अशाच एका औषधाने या वाफा कमी होतात हे दाखवले आणि २०२३ मध्ये याच जातीच्या फेझोलिनेटंटला अमेरिकेत मान्यता मिळाली. बायकांच्या या त्रासाकडे इतकी वर्षे ‘वयाचे असायचेच’ म्हणून पाहिले गेले, हेही इथे नोंदवायला हवे.

यावर आक्षेप येईल: मग अर्धशिशीतल्या सीजीआरपीचे काय? एक पेप्टाइड, एक रोग, आणि औषध लागू. आक्षेप रास्त आहे, पण हे यश कसे मिळाले ते पाहावे. १९९० च्या सुमारास पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी अर्धशिशीच्या झटक्यात मानेतील शिरेच्या रक्तात सीजीआरपी वाढलेले दाखवले. एवढ्यावर कोणी थांबले असते तर सबस्टन्स पीचीच पुनरावृत्ती झाली असती. २००२ मध्ये डेन्मार्कमधल्या प्रयोगात ते शिरेतून दिल्यावर अर्धशिशीच्या रुग्णांत झटका आला. २००४ मध्ये रिसेप्टर अडवल्यावर चालू झटका ओसरला. वाढते, दिल्याने होते, अडवल्याने थांबते: असा तिहेरी पुरावा खुद्द माणसांत, तोही नेमक्या रोगात मिळाला. शिवाय १९९८ मध्ये कळले होते की हा रिसेप्टर दोन प्रथिनांच्या जोडीने बनतो. रॅम्प-१ हे प्रथिन सोबत असेल तर तो सीजीआरपीला प्रतिसाद देतो. जोडीदार बदलून रॅम्प-२ आला की तोच ॲड्रेनोमेड्युलिन या वेगळ्याच रेणूचा होतो. सीजीआरपीचा रिसेप्टर अडवणाऱ्या आणि २०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या एरेन्युमॅबच्या मोठ्या चाचणीत वरची मात्रा घेणाऱ्या निम्म्या रुग्णांचे अर्धशिशीचे दिवस अर्ध्यावर किंवा त्याहून खाली आले. प्लासिबो घेणाऱ्यांत हे प्रमाण २६.६ टक्के होते. उरलेल्या निम्म्यांचे काय, हा प्रश्न राहतोच.

प्राण्यांवरचे प्रयोग फसवतात असा धडा काही जण सबस्टन्स पीच्या अपयशातून काढतात. तो मला पटत नाही. १९९८ मध्ये सापडलेले ओरेक्सिन उंदरांच्या मेंदूत टोचल्यावर ते जास्त खाऊ लागले, म्हणून भुकेचे ठरले. पण लगेच पुढच्या वर्षी अचानक झोपेत कोसळणाऱ्या डॉबरमन कुत्र्यांत त्याच्या दुसऱ्या रिसेप्टरचा बिघाड सापडला आणि नार्कोलेप्सीचे कोडे सुटले. प्राणी खोटे बोलले नव्हते. चूक घाईने काढलेल्या अर्थाची होती. ऑक्सिटोसिनचेही तसेच. प्रसूतिगृहात गर्भाशयावर आणि गोठ्यात पान्ह्यावर त्याचा परिणाम निर्विवाद. नाकातून फवारून मात्र २९० स्वमग्न मुलांच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सामाजिक वर्तनावर काहीच फरक दिसला नाही. २०२३ मध्ये तर त्याचा रिसेप्टर नसलेल्या प्रेअरी व्होल उंदरांनीही जोड्या जमवल्या.

माझ्या म्हणण्याला सर्वांत अडचणीचे उदाहरण अलीकडचे आहे. पीएसीएपी हे पेप्टाइडही अर्धशिशी चेतवते. त्याचा मुख्य समजला जाणारा पीएसी-१ रिसेप्टर प्रतिपिंडाने अडवून पाहिला, तर २०२१ च्या अहवालानुसार उपयोग शून्य. २०२४ मध्ये मात्र पेप्टाइडलाच पकडणाऱ्या प्रतिपिंडाने महिन्याचे अर्धशिशीचे दिवस ६.२ ने घटले, प्लासिबोने ४.२ ने. म्हणजे रिसेप्टरपेक्षा रेणूच महत्त्वाचा? वरवर तसे दिसते. पण पीएसीएपी तीन रिसेप्टरांना चिकटते. एक अडवल्यावर संदेश उरलेल्या दोन वाटांनी गेला, की पहिले प्रतिपिंड हव्या त्या जागी पुरेसे पोचलेच नाही, हे या दोन चाचण्यांवरून ठरत नाही. त्यासाठी उरलेले दोन रिसेप्टरही वेगवेगळे अडवून माणसांतच पाहावे लागेल.