पॅड न लावलेली भोकं

तारापूर एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्या कुठल्याही अनुभवी वेल्डरला विचारा, दाब सोसणाऱ्या टाकीची कच्ची जागा कोणती? तो सरळ नोझलकडे बोट दाखवेल. पाइप जोडायला टाकीला भोक पाडलं की तिथला पत्रा अशक्त होतो, म्हणून भोकाभोवती जाड पॅड वेल्ड करतात. वाफेच्या साध्या बॉयलरपासून १९६९ पासूनच्या तारापूरच्या अणुभट्ट्यांपर्यंत तत्त्व एकच: जिथे भोक, तिथे जादा मजबुती.

आपल्या पोटातही दाब सोसणारी अशी एक नळी आहे. मोठं आतडं, लांबी साधारण दीड मीटर. त्याच्या भिंतीचा बाहेरचा उभा स्नायू सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, तो तीन पट्ट्यांत गोळा झालेला असतो. पट्ट्यांच्या मधल्या पातळ भागातून बारीक रक्तवाहिन्या स्नायू भेदून आत शिरतात. प्रत्येक वाहिनीसाठी एक भोक, आणि पॅड एकालाही नाही! वर्षानुवर्षं आतून दाब बसत राहिला की आतलं मऊ अस्तर त्याच वाटेने बाहेर डोकावतं आणि पाच-दहा मिलिमीटरची पिशवी तयार होते. तिला म्हणतात डायव्हर्टिक्युलम. जी रक्तवाहिनी आतड्याला पोसते, तिनेच ही फट ठेवलेली असते. पुढे ती वाहिनी पिशवीच्या माथ्यावर ताणलेली राहते. म्हणूनच एखाद्या दिवशी काहीही न दुखता शौचावाटे भळाभळा रक्त जाऊ शकतं. बहुतेकांचं ते आपोआप थांबतं. नाही थांबलं तर दुर्बिणीतून क्लिप लावतात.

पाश्चात्त्य देशांत साठी ओलांडलेल्या जवळपास निम्म्या लोकांच्या आतड्यात अशा पिशव्या असतात, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. तिकडे त्या डावीकडे, आतड्याच्या सर्वांत अरुंद भागात होतात. जपान-कोरियात मात्र उजवीकडे. तिथे सूज आली की दुखणं थेट अपेंडिक्ससारखं भासतं. बाजू का बदलते, याचं पक्कं उत्तर विज्ञानाकडे अजून नाही.

पिशव्या होतातच का? युगांडात अनेक वर्षं शस्त्रक्रिया केलेले डेनिस बर्किट आणि त्यांचे सहकारी नील पेंटर यांनी १९७१ मध्ये ठामपणे मांडलं, की हा चोथा गमावलेल्या ताटाचा आजार आहे. आफ्रिकेतल्या खेड्यात हा आजार जवळपास दिसत नव्हता, इंग्लंडात घरोघरी होता. बर्किटना दोन खंड तुलनेला घ्यावे लागले. पालघरमध्ये दोन्ही टोकं एका जिल्ह्यात सापडली असती. वर जव्हार-मोखाड्यात नाचणीची भाकरी, पावसाळ्यात शेवळं आणि कंटोळी. खाली तारापूर एमआयडीसीच्या बोईसरला शिफ्ट सुटल्यावर वडापाव, बिस्किटं, मैद्याचा पाव. (डोंगरातल्या ताटाचं कौतुक करताना तिथलं कुपोषण विसरू नये. चोथा भरपूर म्हणजे पोट भरलं असं नव्हे.)

बर्किटचं म्हणणं पुढे पूर्ण टिकलं नाही, आणि मला यातला हाच भाग सर्वांत रंजक वाटतो. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) झालेल्या दोन हजारांवर लोकांचा २०१२ मधला एक अमेरिकी अभ्यास सांगतो, की भरपूर चोथा खाणाऱ्यांतही पिशव्या कमी नव्हत्या. उलट इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या सत्तेचाळीस हजार लोकांच्या २०११ मधल्या अभ्यासात शाकाहारी माणसांना या आजारासाठी दवाखान्यात दाखल व्हावं लागण्याचा धोका सुमारे ३१ टक्क्यांनी कमी निघाला. म्हणजे पिशवी होणं वेगळं आणि ती बिघडणं वेगळं. पेरूच्या बियांसारखं काही पिशवीत अडकून ती बिघडते, या भीतीलाही आधार मिळाला नाही. २००८ मध्ये सत्तेचाळीस हजार पुरुषांची अठरा वर्षांची नोंद तपासली, तेव्हा दाणे, मका, पॉपकॉर्न यांनी धोका वाढलेला दिसला नाही.

पिशवी बिघडते म्हणजे तिला सूज येते. पोटात खाली, बहुधा डावीकडे, एकाच जागी दुखतं, ताप येतो. खरं निदान होतं सीटी स्कॅनने. दाखल रुग्णाला सलाइन, पातळ आहार, वेदनाशामक. अँटिबायोटिक? स्वीडन आणि आइसलंडमध्ये ६२३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली आले: साध्या, न फुटलेल्या सुजेत अँटिबायोटिक घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही सारख्याच वेगाने बरे झाले. अँटिबायोटिकशिवाय शरीर स्वतःच आग विझवतं, हे तेव्हा कित्येक डॉक्टरांनाही पटेना. अर्थात प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना किंवा फार आजारी दिसणाऱ्यांना अँटिबायोटिक द्यावंच लागतं.

सुजलेल्या पिशवीशेजारी पू साठून मोठा गोळा झाला, तर सोनोग्राफी किंवा सीटीत पाहत त्वचेतून नळी घालून तो काढतात, पोट न उघडता. पण आतडं फुटून मळ पोटभर पसरला, तर शस्त्रक्रियेला पर्याय नाही. फ्रेंच सर्जन आंरी हार्टमान यांनी १९२१ मध्ये कॅन्सरसाठी मांडलेली पद्धत अजूनही इथे उपयोगी पडते: बिघडलेला भाग काढायचा, वरचं टोक पोटावर आणून तिथे मळ गोळा करणारी बाहेरची पिशवी लावायची. तब्येत सावरली की शक्य असल्यास आतडं परत जोडतात.

बोईसर-पालघरच्या वाचकाला दोन गोष्टी सांगायच्या. पोटदुखीसोबत ताप असेल, तर मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊन शिफ्टला जाऊ नका. या गोळ्यांनी पिशवी फुटण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि दुखणं थांबल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी डॉक्टर कोलोनोस्कोपी सांगतील, ती टाळू नका, कारण आतड्याचा कॅन्सर सीटीमध्ये कधीकधी अगदी याच सुजेसारखा दिसतो.