इटलीत जेवण मागवताना: ‘कृपया’ पुरेसं नाही

धानाच्या जिल्ह्यातून इटलीत गेलेल्या माणसाचं बोट मेनूकार्डावर आपसूक रिझोत्तोपाशी थांबतं. भातच तो, पो नदीच्या खोऱ्यातल्या वेर्चेल्ली-नोवाराकडच्या तांदळाचा. युरोपात सर्वांत जास्त तांदूळ इटलीतच पिकतो. तो सभ्यपणे मागवायचा कसा, याबद्दल मात्र गोंदियाहून चार शब्द पाठ करून निघणाऱ्यांच्या काही चुकीच्या समजुती असतात.

गैरसमज : ‘पेर फावोरे’ म्हणजे कृपया, ते जोडलं की वाक्य सभ्य झालं.

वस्तुस्थिती : इटालियन अदब आधी क्रियापदात असते. ‘वोल्यो’ म्हणजे ‘मला पाहिजे’. तेच ‘वोर्रेई’ म्हटलं की ‘मला हवं होतं’ असा मऊपणा येतो. आपणही ‘कृपया’ पाटीवर वाचतो, तोंडाने म्हणतो ‘पाणी देता का जी?’ म्हणून ‘वोर्रेई उन रिझोत्तो, पेर फावोरे’ हे वाक्य आपल्या जिभेला परकं नाही. त्याच्याही आधी, दारातून आत जातानाच ‘बुओनजोर्नो’ किंवा संध्याकाळी ‘बुओनासेरा’ म्हणायला हवं. नमस्कार न करता थेट मागणी करणं तिथे उद्धटपणाचं वाटतं.

गैरसमज : ‘चाओ’ सगळ्यांना चालतं.

वस्तुस्थिती : ते अरे-तुरेतलं आहे. अनोळखी वेटरला ‘स्कूझी’ म्हणून हाक मारा. ‘स्कूझा’ म्हणजे त्याला ‘तू’ म्हणणं झालं.

गैरसमज : ‘सोनो वेजेतार्यानो’ म्हटलं की शाकाहारी माणूस निर्धास्त.

वस्तुस्थिती : इथे सर्वांत जास्त जपायला हवं. (बाईने ‘वेजेतार्याना’ म्हणावं.) रिझोत्तो बहुधा मांसाच्या रश्श्यात शिजवतात. मिलानचा केशर घातलेला रिझोत्तो आपल्या केशरी भातासारखा दिसतो, पण त्यात परंपरेने गोवंशाच्या हाडातला मगज असतो. वरून किसतात त्या पार्मिज्यानो रेज्यानो चीजसाठी दूध विरजतात ते वासराच्या जठरातल्या रेनेटने. नुसतं ‘सेन्झा कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, म्हटलं तर ताटात मासे येऊ शकतात. ‘सेन्झा पेशे’ही जोडावं लागतं. उलट ‘पेपेरोनी’ म्हणजे तिथे ढोबळी मिरची, ती खुशाल मागवा.

गैरसमज : बिल आणत नाहीत म्हणजे आपल्याकडे दुर्लक्ष करतात.

वस्तुस्थिती : न मागता बिल ठेवणं म्हणजे पाहुण्याला उठवणं, असं तिथे मानतात. ‘इल कोन्तो, पेर फावोरे’ म्हणा. बिलात ‘कोपेर्तो’ दिसलं तर ती टिप नसते. माणशी आकारलेली, मेनूकार्डावर आधीच छापलेली बैठकीची रक्कम असते.

निघण्याआधी एकच वाक्य पाठ करण्याइतका वेळ असेल, तर शाकाहाऱ्यांनी हे करावं: ‘स्कूझी, चे ब्रोदो दी कार्ने?’ म्हणजे, ‘माफ करा, यात मांसाचा रस्सा आहे का?’ ‘सी’ म्हटलं तर आहे, ‘नो’ म्हटलं तर नाही.