शिडाच्या दोराची गाठ

मराठी भाषेने ‘गाठ’ या शब्दाला पुष्कळ कामाला लावले आहे. आपण लग्नाची गाठ बांधतो, मनाशी खूणगाठ बांधतो, दोन माणसांची गाठ घालून देतो. परंतु प्रत्यक्ष दोरीच्या गाठीचा विचार करण्याची वेळ शहरात राहणाऱ्या माणसावर क्वचितच येते. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना मात्र एक भेद पक्का ठाऊक असे. टोक ओढले की सुटते ती सुरगाठ, आणि ओढावी तसतशी आवळत जाते ती निरगाठ. एवढा भेद हाती घेऊन आज आम्ही एका लहानशा प्रश्नाचा विचार करणार आहोत : शिडाच्या होडीत शीड वर चढविणारा दोर शिडाला कोणत्या गाठीने बांधावा? प्रश्न वीतभर दोराचा आहे. पण भर पाण्यात होडीची आणि माणसाची सुरक्षितता त्या वीतभर दोरावर अवलंबून असते.

प्रथम या दोराचे काम पाहू. डोलकाठीच्या शेंड्याला एक कप्पी असते. दोराचे एक टोक शिडाला बांधलेले असते. तेथून दोर वर जातो, कप्पीवरून वळतो आणि खाली खलाशाच्या हाती येतो. खालून ओढले की शीड वर चढते. इंग्रजीत या दोराला हॅलयार्ड म्हणतात. कोकणच्या जुन्या गलबतांत शिडाचा तिरपा वासा, म्हणजे परबाण, अशाच दोराने वर ओढीत. आजच्या लहान हौशी होड्यांत शीड तीन कोनांचे असून त्याच्या वरच्या कोपऱ्यातील भोकातच दोर अडकवितात. आपण हीच होडी नजरेसमोर ठेवू.

येथे दोन तऱ्हेचे अपघात संभवतात, आणि ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. गाठ सुटली तर शीड खाली कोसळते. दोराचे मोकळे टोक शेंड्याशीच राहते, आणि ते आणण्यासाठी डुलणाऱ्या काठीवर कोणाला तरी चढावे लागते. वारा होडीला खडकांकडे ढकलीत असेल तर तेवढा वेळही हाती नसतो. उलट, ओढण्याच्या भरात गाठ कप्पीत शिरून अडकली तर शीड खाली येत नाही. वादळी वारा सुटला असता न उतरणारे शीड हे फाटलेल्या शिडापेक्षाही वाईट, कारण ते होडीला आडवी पाडू पाहते.

यावरून गाठीच्या तीन परीक्षा ठरतात. शीड फडफडत असता दोर क्षणात ताणतो, क्षणात सैल पडतो. अशा शेकडो हिसक्यांत गाठ टिकली पाहिजे. दुसरे, ती आटोपशीर असली पाहिजे, म्हणजे शीड पुरते वर जाईल आणि गाठ कप्पीपासून दूर राहील. तिसरे, काम संपल्यावर ती सोडविता आली पाहिजे.

आपण म्हणाल, यात मजबुतीचे नाव कोठेच नाही. गाठीने दोर दुबळा होतो हे खरेच आहे. दोर तीव्र वळला की वळणाच्या बाहेरच्या बाजूचे तंतू अधिक ताणले जातात, आतल्या बाजूचे आखडतात, आणि भार सर्वांवर सारखा पडत नाही. साध्या चांगल्या गाठीत दोराची सुमारे ६० ते ७० टक्के शक्ती उरते. परंतु लहान होडीवरील ८ मिलिमीटर जाडीचा पॉलिएस्टरचा दोर तुटावयास दीड टनाच्या आसपास वा त्याहून अधिक ओढ लागते. शिडाचा ताण त्याच्या पुष्कळच खाली असतो. म्हणून येथे दोर तुटण्यापेक्षा गाठ सुटण्याचे भय मोठे.

आता उमेदवार पाहू. पहिली बोलाइन. दोरात एक लहान फेरा करावयाचा, टोक शिडाच्या भोकातून ओवून त्या फेऱ्यातून खालून वर काढावयाचे, मागच्या दोराला वळसा घालून पुन्हा त्याच फेऱ्यातून खाली न्यावयाचे. ही गाठ कितीही ताणली तरी भार उतरल्यावर बोटांनी सुटते. मात्र तिचा फास लांबट असल्याने शीड थोडे खालीच अडते, आणि ताठ, गुळगुळीत दोरात फडफडीने ती सैल होऊ शकते. म्हणून तिचे टोक दोराच्या जाडीच्या निदान दहाबारा पट लांब ठेवावे.

दुसरी बंटलाइन. चौकोनी शिडांच्या जहाजांत शिडाचा फुगा गोळा करणाऱ्या दोरांना हे नाव होते. शीड फडफडू लागले की त्या दोरांना सतत हिसके बसत, आणि त्यांच्यासाठी ही गाठ वापरीत. टोक कडीतून काढून मूळ दोराभोवती एक वेढा द्यावयाचा, आणि दुसरा वेढा पहिल्याच्या आत, म्हणजे कडीच्या बाजूला घेऊन टोक त्याखाली अडकवावयाचे. टोक गाठ आणि कडी यांच्यामध्ये चिमटले जाते, म्हणून हिसक्यांनी निसटत नाही. आपल्यापैकी जे टाय वापरतात त्यांना ही गाठ परकी नाही; टाय बांधण्याची सर्वांत साधी रीत ती हीच. ती लहान आहे, कडीला बिलगून बसते. पण भाराखाली इतकी आवळते की दाभण घालून उकलावी लागते, कधी कापावीच लागते. ही खरी निरगाठ.

तिसरा मार्ग गाठच न मारण्याचा. दोराचे टोक उलटे फिरवून त्याच्याच पोटात गुंफतात. अशा गुंफणीत सुमारे ९० टक्के शक्ती टिकते आणि जाडीही फारशी वाढत नाही. पॉलिएथिलीनच्या नव्या, अतिबळकट पण निसरड्या तंतूंच्या दोरांत तर गुंफणच योग्य, कारण त्यांत साध्या गाठी घसरतात. परंतु दोर कप्पीवर नेहमी एकाच जागी झिजतो. गाठ असेल तर टोकाचा थोडा दोर कापून ती पुन्हा बांधली की झिजेची जागा सरकते. गुंफण मात्र नव्याने करावी लागते.

तेव्हा निर्दोष गाठ कोणतीच नाही. अमेरिकन चित्रकार क्लिफर्ड अ‍ॅशली यांच्या १९४४ सालच्या प्रसिद्ध ग्रंथात गाठींच्या ३,८०० हून अधिक नोंदी आहेत, त्याचे कारणही हेच : प्रत्येक कामाला वेगळी गाठ. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तशा सफरीत आठवडेच्या आठवडे बंदर दिसत नाही; तेथे न सुटण्याला पहिला मान द्यावा लागतो. संध्याकाळी किनाऱ्याला लागून शीड काढून ठेवणाऱ्याची गरज वेगळी.

त्याच्यासाठी खलाशांनी एक सुंदर तोड काढली आहे. दोर पिनेच्या कडीला बंटलाइनने कायमचा बांधावा, आणि कडी शिडात अडकवावी. शीड काढताना फक्त पीन सोडावी. निरगाठीचे काम दोराने करावे आणि सुरगाठीचे कडीने. पीन फिरून निघू नये म्हणून ती बारीक तारेने बांधावी, एवढेच.

एक अपवाद मात्र कधी विसरू नये. त्याच दोराने माणसाला डोलकाठीवर चढवावयाचे असेल, तर हिसक्याने उघडणाऱ्या कडीवर त्याचा जीव टांगू नये. दोर बैठकीला थेट बोलाइनने बांधावा, टोक लांब सोडावे, आणि चढणाऱ्याने गाठ स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

आमच्या शब्दावर विसंबू नका. घरी गेल्यावर दोन हात दोरी घ्या, दाराच्या कडीला आधी बोलाइन बांधा, मग बंटलाइन, आणि प्रत्येकीला सैल सोडून शंभर हिसके द्या. मग दोन्ही सोडवून पाहा. कोणती कोठे बांधावी हे बोटांनाच कळेल.