ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरचे कण्हेरखेड



या पानावर आम्ही नेहमी लागण, बेणे, खत आणि पाणी याविषयी लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे, पण तोही जोपासनेचाच आहे. लागण नोंदीसाठी गट ऑफिसात येणाऱ्या सभासदांपैकी निदान पाच-सहा जणांनी या वर्षी आम्हांला एकच प्रश्न विचारला. "साहेब, पोराला बोर्डिंगला घालावं म्हणतो. कसं काय?" त्यांतल्या एका सभासदाने मुलाला सहावीत एका निवासी शाळेत घातले होते. दीड महिन्यात पोर परत आले. बाप म्हणतो, "आमचंच पोरगं कच्चं." त्या वेळी आम्ही गप्प बसलो, कारण नीट उत्तर आमच्यापाशी नव्हते. ते आज देण्याचा प्रयत्न करतो.

उत्तराची सुरुवात ग्वाल्हेरला झाली. लखनौची ऊस संशोधन संस्था पाहून आमचा अभ्यास दौरा परत येत होता. वाटेत एक दिवस ग्वाल्हेरला मुक्काम केला आणि सगळे किल्ला पाहायला गेलो. मानसिंहाचा राजवाडा झाला, सास-बहूचे देऊळ झाले. तिथून पुढे एक फाटक लागले. आत मुलांची निवासी शाळा, सिंदिया स्कूल. परवानगीशिवाय आत जाता येत नाही, म्हणून आम्ही बाहेरूनच पाहत होतो. फाटकावरच्या वयस्कर माणसाने कुठले म्हणून विचारले. सातारा जिल्हा म्हटल्यावर तो हसला आणि म्हणाला, आत लहान मुलांचे एक घर आहे, त्याचे नाव कण्हेरखेड. आमच्यातल्या कोरेगावकडच्या एका सभासदाने तर कपाळालाच हात लावला! कण्हेरखेड म्हणजे कोरेगाव तालुक्यातले गाव, शिंद्यांच्या पाटीलकीचे. महादजींनी दिल्लीचे राजकारण हातात घेतले, तरी लोक त्यांना पाटीलबावा म्हणत, ते या गावामुळे. त्या गावाचे नाव ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर एका वसतिगृहाला का दिले असेल, हे समजून घेताना आम्हांला बऱ्याच गोष्टी उलगडल्या.

शाळा कशी उभी राहिली

1858 च्या धामधुमीनंतर ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांनी आपल्या ताब्यात ठेवला आणि तिथे फौज बसवली. पुढे 1886 साली झाशी शहराच्या बदल्यात तो शिंदे सरकारला परत मिळाला. गोऱ्या फौजेच्या बराकी तेवढ्या मागे राहिल्या. त्याच साली माधवराव शिंदे गादीवर आले. त्यांनी 1897 साली सरदारांच्या मुलांसाठी शाळा काढली, तिला सरदार स्कूल म्हणत. राज्याचा कारभार पाहायला शिकलेली माणसे लागतात आणि सरदारांची मुले वाड्यात लाडात वाढतात, ही त्यांची अडचण होती. शाळा पुढे किल्ल्यावर गेली आणि जुन्या बराकींत मुले राहू लागली. 1933 साली तिचे रूप बदलले. सरदारांचीच मुले घ्यायची ही अट गेली, नाव सिंदिया स्कूल झाले आणि विलायतेतल्या पब्लिक स्कूलच्या धर्तीवर कारभार सुरू झाला. इथे एक खुलासा करतो. पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी किंवा फुकट शाळा नव्हे. त्या फी घेणाऱ्या खाजगी निवासी शाळा असतात, आणि फी साध्या शेतकऱ्याला झेपणारी नसते. 2023 साली या शाळेने 125 वा संस्थापक दिन साजरा केला. रेडिओवरचे अमीन सायानी याच शाळेचे विद्यार्थी. मुलींसाठी ग्वाल्हेरलाच 1956 साली विजयाराजे शिंदे यांनी सिंदिया कन्या विद्यालय काढले.

हाऊस म्हणजे काय

या शाळेत सगळी मुले एका मोठ्या वसतिगृहात राहत नाहीत. त्यांची बारा घरे आहेत. तिथे त्यांना हाऊस म्हणतात. मोठ्या मुलांची आठ : रणोजी, जयाप्पा, महादजी, दौलत, जयाजी, माधव, जिवाजी आणि शिवाजी. लहान मुलांची चार : दत्ताजी, जनकोजी, निमाजी आणि कण्हेरखेड. नावे वाचली की मराठ्यांचा निम्मा इतिहास डोळ्यांपुढून जातो. रणोजी ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे मूळ पुरुष. जयाप्पा 1755 साली नागोरला दगाफटक्याने मारले गेले. दत्ताजी 10 जानेवारी 1760 रोजी दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले. महादजींचा शेवट 1794 साली पुण्याजवळ वानवडीस झाला. घरातून नुकत्याच निघालेल्या लहान पोरांच्या एका घराला मात्र कुणा वीराचे नाव दिले नाही, मूळ गावाचे दिले. आम्हांला ते फार योग्य वाटले. गावातून निघूनच माणूस मोठा होतो, पण निघताना पाठीशी गाव लागते.

प्रत्येक घराला एक हाऊसमास्तर असतो. तो त्याच शाळेत शिकवतो, पण शाळा सुटली की घरी जात नाही, कारण त्याचे बिऱ्हाड मुलांच्या घराला लागूनच असते. जोडीला आजारपण, कपडे आणि खाणेपिणे पाहणारी बाई असते, तिला मेट्रन म्हणतात. वरच्या वर्गातील काही मुलांना प्रीफेक्ट नेमून उठवणे, हजेरी, अभ्यासाचा तास अशी कामे सोपवतात. खेळ, वादविवाद, नाटक यांचे सामने घराघरांत लागतात. वर्गात शेवटच्या बाकावरचा मुलगाही हॉकीत आपल्या घरासाठी गोल करून मान मिळवू शकतो. संध्याकाळी किल्ल्याच्या कडेला सगळी मुले एकत्र जमून मावळत्या सूर्यासमोर काही वेळ शांत बसतात. त्याला ते अस्ताचल म्हणतात. त्या वेळी घरे वेगळी राहत नाहीत, शाळा एक होते.

पद्धत आली कुठून

ही पद्धत मूळ इंग्लंडची. ईटन ही शाळा 1440 साली निघाली, तेव्हा सत्तर मुलांची सोय शाळेत होती. बाकीची मुले गावात भाड्याने राहत. त्यांना ठेवून घेणाऱ्या बायका असत, पुढे शिक्षकही मुले ठेवू लागले. एका शिक्षकाच्या घरात राहणारी मुले ते त्याचे हाऊस, असे नाव पडले. म्हणजे आधी खरोखरीचे घर होते, नियम मागाहून आले. नंतर रग्बीच्या शाळेत टॉमस अर्नोल्ड हे 1828 ते 1842 पर्यंत मुख्याध्यापक होते. त्यांनी वरच्या वर्गातील मुलांवर जबाबदारी टाकण्याची रीत पक्की केली.

हिंदुस्थानात ही कल्पना राजपुत्रांच्या शाळांतून आली. राजकोटचे राजकुमार कॉलेज, अजमेरचे 1875 चे मेयो कॉलेज. मेयोत संस्थानांनी आपापल्या मुलांसाठी आपापली घरे बांधली. त्यामुळे एका संस्थानाचा मुलगा एका घरात, सोबत आपले नोकरचाकर. सुरुवातीच्या या रीतीने मुले एकत्र आली खरी, पण वेगळीच राहिली. आता या शाळा वेगवेगळ्या गावांची आणि जातीधर्मांची मुले एका घरात मिसळून ठेवतात. आमच्या मते या पद्धतीचा खरा फायदा इथे आहे. शेजारच्या खाटेवरच्या पोराची भाषा आपली नसते, पण सामन्यात दोघांचे घर एक असते.

आपल्याकडे बोर्डिंगचे काम याच काळात वेगळ्या वाटेने गेले. राजकोटच्या त्याच राजकुमार कॉलेजात शिकलेल्या शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढले आणि पुढे इतर समाजांचीही काढवली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापली आणि 1924 साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचे एकच वसतिगृह चालवले. पोरे एका पंक्तीला जेवली आणि काम करून शिकली. ग्वाल्हेरचे बोर्डिंग सरदारांच्या मुलांसाठी निघाले, साताऱ्याचे कुणब्यांच्या आणि मजुरांच्या मुलांसाठी. पण दोन्हीकडे मूळ प्रश्न एकच होता. आईबापांच्या नजरेआड गेलेल्या पोरावर नजर कुणाची?

आपल्या गटासारखेच

सभासदांना हे समजायला अवघड जाऊ नये. कारखान्याचे हजारो सभासद आणि कितीतरी गावे, सगळा कारभार हेड ऑफिसातून चालवायचा म्हटले तर कुणाचा ऊस वाळला हे कळणारही नाही. म्हणून आपण गट पाडले. गटाला माणूस नेमला, तो गटात राहतो, कुणाचा खोडवा पिवळा पडला हे चिटबॉयला बांधावरूनच दिसते. हाऊस हा मुलांचा गट आहे. शाळेत पाचशे मुले असली, तरी पन्नास-साठ मुलांवर लक्ष ठेवणारा एक माणूस तिथेच झोपतो. आज कोण जेवला नाही, हे त्याला ताट उचलायच्या आत कळायला हवे. इमारत, गणवेश, बँड हे सगळे नंतर.

आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. शेतकी पदविकेला असताना आम्ही एका वसतिगृहात होतो. ऐंशी मुले आणि एक रेक्टर. ते संध्याकाळी हजेरीला येत, सही करून जात. आमच्या खोलीतला एक मुलगा तीन दिवस तापाने फणफणत पडला होता. हजेरीत कुणीतरी त्याची "हजर" देत होते, ते देणारे आम्हीच. मित्राला वाचवतो असे आम्हांला वाटत होते. चौथ्या दिवशी त्याला शुद्ध राहिली नाही, तेव्हा बैलगाडीत घालून दवाखान्यात नेला. तो वाचला, पण शिक्षण तिथेच सुटले. नियम भरपूर होते, वहीही बिनचूक होती. पाहणारा माणूस तेवढा नव्हता.

या पद्धतीचे दोषही सांगितले पाहिजेत. मोठ्या मुलांच्या हाती अधिकार दिला की काही मुले तो गाजवतात. इंग्लंडच्या शाळांत लहान मुलांनी मोठ्यांचे बूट पुसायचे, निरोप न्यायचे, अशी रीत पिढ्यान्‌पिढ्या होती. ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोडत गेली. रॅगिंग हा प्रकार आपल्याकडेही ऐकू येतो. घरातली गोष्ट घरातच ठेवायची, असे शिकवले की लहान पोर मार खाऊनही बोलत नाही. म्हणून प्रीफेक्टवर हाऊसमास्तर हवा आणि हाऊसमास्तरवरही कुणीतरी विचारणारा हवा.

बोर्डिंग पाहायला जाताना

आम्ही सभासदांना सुचवतो की, मुलाला घालण्याआधी एक दिवस मोडा आणि एवढे विचारा.

एक, किती मुलांमागे एक जबाबदार माणूस आहे आणि तो रात्री तिथेच राहतो का?
दोन, तो मुलांबरोबर जेवतो का? जमल्यास जेवणाच्या वेळीच जा.
तीन, रात्री बारा वाजता ताप आला तर पोराने कुणाचे दार ठोठवायचे? हे मुख्याध्यापकांना विचारू नका, तिथल्या एखाद्या पोराला विचारा. त्याने झटकन नाव सांगितले तर निम्मे काम झाले.
चार, मोठी मुले लहानांकडून कामे करून घेतात का? तक्रार करायची तर कुणाकडे?
पाच, मुलाला घरी बोलण्याची ठरलेली वेळ आहे का, आणि त्या वेळी त्याच्या शेजारी कुणी उभे राहते का?

घातल्यावर पहिले काही आठवडे पोर रडणारच. रोपवाटिकेतले रोप सरीत लावले की ते आधी मान टाकते, मग मूळ धरते. पण पाणीच नसेल तर मान टाकलेले रोप कच्चे होते असे आपण म्हणत नाही.

त्या सभासदाला आम्ही मागच्या आठवड्यात भेटलो. मुलगा ज्या शाळेत होता तिथे रात्री कोण असते, असे विचारले. त्याने मुलाला हाक मारली. पोर म्हणाले, "रात्री वॉचमन असतो, फाटकावर." बाप बराच वेळ काही बोलला नाही. मग पोराच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "जा, गुरांना पाणी दाव."

सध्या मुलगा गावातल्याच शाळेत जातो. पुढे आठवीला परत विचार करू, असे दोघांनी मिळून ठरवले आहे. आम्हांला बरोबर घेऊन जाणार आहेत. आमची तयारी आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी