होम ग्राउंड कुणाचं?

चॅम्पियन्स लीगसाठी रात्र-रात्र जागणारे आपल्या हॉस्टेलमध्ये कमी नाहीत (सकाळच्या लेक्चरला ते कुठे असतात हे कृपया विचारू नये). माझा रूममेट मात्र त्यांच्यात नाही. तो कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. त्याच्या मते फुटबॉल म्हणजे पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ, बाकी सगळं टाइमपास!

मी भिवंडीचा. आमच्याकडे रात्री झोप लागते ती पॉवरलूमच्या खडखडाटात, आणि शुक्रवारी लूम बंद असले की शांततेनेच जाग येते. फुटबॉल मीही खेळतो, त्यामुळे मागच्या हंगामात पठ्ठ्या मला ओढूनच कोल्हापूरला घेऊन गेला. एसटीत मी सहज विचारलं, "आज यजमान कोण? होम ग्राउंड कुणाचं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कुणाचं म्हंजे? आमचंबी हाय अन् त्यांचंबी हाय की भावा!"

हे उत्तर मला तेव्हा विनोद वाटलं. पण त्यात बरंच काही दडलेलं आहे, म्हणून हा लेख.

आधी यजमान-पाहुणे ही भानगड कुठून आली ते बघू. इंग्लंडमध्ये वरचे चार विभाग सोडले तर खाली शेकडो लहान क्लब उरतात. त्यांना 'नॉन-लीग' म्हणतात. त्यांच्यातले बहुतेक खेळाडू दिवसा नोकरी करतात आणि संध्याकाळी सराव. वर जायची वाटही फार उशिरा उघडली. नॉन-लीगच्या विजेत्याला थेट बढती मिळू लागली ती 1987 पासून. आणि गंमत अशी की जगातली पहिली क्लब विरुद्ध क्लब मॅच ज्या दोघांनी खेळली, ते शेफिल्ड (स्थापना 1857) आणि हॅलम (स्थापना 1860) आजही या खालच्या पायऱ्यांवरच आहेत. ती मॅच झाली 26 डिसेंबर 1860 रोजी, हॅलमच्या सँडीगेट मैदानावर. पाहुणे शेफिल्ड 2-0 ने जिंकले. सँडीगेटवर आजही फुटबॉल चालतो!

अशा क्लबला जुन्या ओळखीचा प्रतिस्पर्धी आपल्या मैदानावर येणं म्हणजे दिवाळी. एरवी रिकाम्या पायऱ्या त्या दिवशी भरतात, तिकिटाचे आणि चहाचे पैसे येतात, त्यातून गवत कापायचं मशीन दुरुस्त होतं. शिवाय घरच्या मैदानाचा फायदा असतोच. तो किती खरा, हे 2020 मध्ये कोविडमुळे रिकाम्या स्टेडियममध्ये मॅचेस झाल्या तेव्हा तपासता आलं. प्रेक्षक नसताना पाहुण्यांना मिळणारी पिवळी कार्डं कमी झाली, असं अनेक अभ्यासांत दिसलं. म्हणजे गर्दी खेळाडूंवर ओरडते आणि दबतो पंच!

आता कोल्हापूर. 'पाटाकडील तालीम मंडळ' हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं आपण कुस्त्या बघायला चाललोय. तसं ते अगदीच चुकीचं नाही. कुस्ती या शहराच्या अंगात आहे. शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभारलं 1912 मध्ये. पेठेपेठेत तालमी होत्या. तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे, तर पेठेतल्या पोरांचं दुसरं घर. गणपती तिथलाच, शिवजयंती तिथलीच, महापूर आला की मदतीला धावणारी पोरंही तिथलीच. फुटबॉल आला तेव्हा त्याला वेगळा क्लब शोधावा लागला नाही, तो सरळ तालमीत शिरला. म्हणूनच खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम अशी नावं आजही फुटबॉलच्या गुणतक्त्यात दिसतात. 1940 मध्ये स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजेच के. एस. ए., या सगळ्यांची लीग भरवते. वरिष्ठ गटात 16 संघ असतात. आयएसएल किंवा आय-लीग खेळलेला यातला एकही नाही. आपल्या हिशेबाने सगळे नॉन-लीगच!

आणि या सगळ्यांच्या मोठ्या मॅचेस एकाच ठिकाणी, राजर्षी शाहू स्टेडियमवर. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ एकमेकींना लागून आहेत. दोन्ही संघ चालत मैदानावर येऊ शकतात. मग प्रवासाचा थकवा नाही, अनोळखी मैदान नाही, पाहुणा नाही. होम अ‍ॅडव्हान्टेजचं समीकरण लिहायला घेतलं तर दोन्ही बाजूंच्या टर्म्स कॅन्सल होतात आणि उरते फक्त खुन्नस.

ती कशी असते ते मी डोळ्यांनी पाहिलं. मॅच दुपारची, पण पेठेत सकाळपासून दुसरा विषय नाही. रूममेटच्या घरी त्याची आजी मला नाश्ता वाढता वाढता डिफेन्स कच्चा असल्याचं सांगत होती! स्टेडियममध्ये दोन्हीकडचे समर्थक वेगवेगळ्या बाजूला बसतात, मध्ये पोलीस. एक बाजू गप्प झाली की दुसरी उठते. निकाल काय लागला ते मी लिहिणार नाही, कारण रूममेट हा अंक वाचणार आहे आणि मला अजून एक सेमिस्टर त्याच्याबरोबर काढायचं आहे.

मात्र सगळं गोडच आहे असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. इथे हुल्लडबाजी झाली आहे, दगड पडले आहेत, सामने थांबले आहेत. काही हंगामांत संघांनी नायजेरियाचे खेळाडूही आणले. खेळ त्याने वेगवान झाला असेल, पण मला विचाराल तर पेठेतला पोरगा हरल्यावर दुसऱ्या दिवशी दूध आणायला त्याच गल्लीतून जातो, त्याची गोष्ट वेगळी. या गल्ल्यांतूनच अनिकेत जाधव निघाला आणि 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, हेही विसरता येत नाही.

परतताना एसटीत मी विचार करत होतो. यजमान असला की निदान जबाबदारी कुणाची हे ठरलेलं असतं. यजमानच नसेल तर दगड उचलणाऱ्याचा हात धरायचा कुणी?

इथे मला माझं गाव आठवलं. भिवंडीने 1970 आणि 1984 च्या दंगली पाहिल्या आहेत. 1988 पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या. भांडू शकणाऱ्या दोन्ही बाजूंची माणसं आणि पोलीस नियमित एकत्र बसू लागले, भांडण झाल्यावर नव्हे, आधीच. 1992-93 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. खोपडेंनी पुढे यावर पुस्तकही लिहिलं. माझा जन्म त्यानंतरचा, पण घरात हे सगळं ऐकतच मी वाढलो.

आमची गल्लीची टीम आणि पलीकडच्या मोहल्ल्याची टीम यांची शुक्रवारची मॅच जुनी आहे. पूर्वी ज्या मोकळ्या प्लॉटवर खेळायचो तिथे आता गोडाऊन उभं आहे, त्यामुळे मिळेल त्या जागेवर खेळतो. होम ग्राउंड कुणाचंच नाही! मी अकरावीत असताना एका पेनल्टीवरून मारामारी झाली. माझं नाक फुटलं (दोष अर्धा माझाच होता). वर्षभर मॅच बंद. शेवटी दोन्हीकडच्या चाचा-काकांनी आम्हाला एका चहाच्या हॉटेलात बसवलं आणि नियम केला. आळीपाळीने एक टीम यजमान. फक्की, पाणी, बॉल यजमानांचा. शिट्टी मात्र पाहुण्यांच्या माणसाची. भांडण झालं तर जाब यजमानांनी द्यायचा.

पहिल्या मॅचला पलीकडच्या पंचाने आमच्या विरुद्ध दोन पेनल्टी दिल्या. आम्ही दात-ओठ खाल्ले, पण कुणी धावून गेलं नाही, कारण पुढच्या वेळी शिट्टी आमच्या हातात येणार होती. तेव्हापासून एकही मॅच अर्ध्यावर थांबलेली नाही.

रूममेटला हे सांगितलं तर म्हणाला, "आमच्या पेठेत हे जमायचं न्हाई भावा. हितं शिट्टी दुसऱ्या पेठेला दिली तर घरात घेणार न्हाईत." असेल तसंही. पण येत्या शुक्रवारी तो माझ्याबरोबर भिवंडीला येतोय. यंदा यजमान आम्ही आहोत, आणि फक्की आणायची अजून बाकी आहे.