लडाखांत जाणारे मजूर

१९६० सालीं स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेच्या कामांसाठीं झारखंडांतील दुमका भागांतून दरसाल पुष्कळ मजूर लडाखांत जातात. भातशेतीच्या उष्ण मुलुखांतून आलेल्या या माणसांस लोंकरीचा कोट दिला म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें आम्हांस वाटत नाहीं. लेह शहर सुमारें ३,५०० मीटर उंचीवर असून तेथील हवा फार विरळ आहे. पहिल्या दिवसांतील डोकेदुखी व मळमळ यांस मुकादमानें आळस समजूं नये. निदान दोनतीन दिवस पुरी विश्रांति द्यावी व त्यानंतरच अधिक उंचावर न्यावें. त्या दिवसांची मजुरी मात्र कापूं नये. ती बुडेल या भीतीनेंच मजूर आपलें दुखणें लपवितो. बसल्या जागीं धाप लागली किंवा चालतांना तोल जाऊं लागला, तर त्यास तत्काळ खालीं उतरवावें. बंद तंबूंत पेटती शेगडी ठेवून कोणी निजूं नये; तिच्यांतून निघणाऱ्या विषारी वायूस वास नसतो व तो झोंपेंतच प्राण घेतो. हें सारें मजुरांस समजेल अशा संथाळींत वा हिंदींत सांगावें. ज्या वाचकांचे मुलगे अशा कामांवर अभियंते असतील, त्यांनीं त्यांस एवढें अवश्य कळवावें, अशी आमची विनंति आहे.